व्हीसीआर माळ्यावर ठेवण्याआधी



श्रुतपंचमी जवळ आली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला गावोगावच्या मंदिरांत शास्त्रांची कपाटं उघडतील, बासनं सुटतील, पानं हलक्या हाताने पुसली जातील आणि पोथ्यांना नवी वेष्टनं मिळतील. या वेळी मी एका वेगळ्या बासनाबद्दल लिहिणार आहे. आपल्या घरात माळ्यावर, जिन्याखाली किंवा कपाटाच्या डोक्यावर ते असतंच. जुना व्हीसीआर, पाठीमागे पोट असलेला टीव्ही, लाकडी खोक्याचे स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि पिशवीभर कॅसेटी. आमच्या महिला मंडळात विषय निघाला तेव्हा एकच सूर होता, "टाकवत नाही गं, आणि ठेवायचं कसं तेही कळत नाही."

ठेवायचं कसं हे कळण्यासाठी आधी ही यंत्रं आपल्या घरात कशी आली ते आठवायला हवं.

दूरदर्शन आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ ला आलं, पण फक्त दिल्लीत. मुंबईला ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुढच्या वर्षी सिंहगडामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातली मंडळी मात्र मुंबईच्या नातेवाइकांकडे गेल्यावरच छायागीत पाहायचो. त्या वेळचा टीव्ही म्हणजे लाकडी कपाटच. पुढे सरकतं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात. रेडिओसारखाच त्याचाही परवाना काढावा लागे. १५ ऑगस्ट १९८२ ला लाल किल्ल्यावरचा सोहळा रंगीत दिसला, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ आले आणि रंगीत टीव्हीची हौस देशभर पसरली. १९८४ च्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत लहान प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हा कुठे आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला काम मिळालं.

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी 'रामायण' सुरू झालं ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. लोक आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसत. आमच्या सासूबाईही बसत, पण रावणवधाच्या वेळी त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत की आपल्या पद्मपुराणात रावणाला लक्ष्मण मारतो, रामाच्या हातून हिंसा होत नाही. रविषेणाचार्यांची कथा आमच्या घरातल्या मुलांना अशी टीव्हीसमोर समजली!

व्हीसीआर त्याच सुमारास आला. जपानमध्ये सोनीने १९७५ ला बीटामॅक्स काढलं, दुसऱ्या वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस काढलं. दोन्हींची कॅसेट वेगळी, एकीची दुसऱ्यात चालत नसे. लढाईत व्हीएचएस जिंकलं, कारण त्याची कॅसेट जास्त वेळ चाले आणि बऱ्याच कंपन्यांनी तेच स्वीकारलं. आपल्याकडे आधी तो विकत घेण्यापेक्षा भाड्यानेच जास्त आला. एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, घरात पंचवीस माणसं, पहाटेपर्यंत सिनेमा. रात्रीभोजन नाही म्हणून खायला काही नसायचं, पाणीसुद्धा नाही, तरी कोणी उठत नसे. मग लग्नाची व्हिडिओ शूटिंग सुरू झाली, आणि पाठोपाठ पंचकल्याणक पूजेची, विधानाची, दीक्षेचीही. आपल्या समाजाचा गेल्या चाळीस वर्षांचा बराच इतिहास अशा काळ्या कॅसेटींत आहे, आणि तो कुठल्याही ग्रंथालयात नाही, आपल्या माळ्यावर आहे.

नंतरचं सगळं भराभर झालं. व्हीसीडी आली, १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी निघाली आणि काही वर्षांत इथेही पोहोचली. पाच स्पीकर आणि एक घुमणारा डबा मिळून त्याला 'होम थिएटर' म्हणू लागले. २०१६ च्या जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवे व्हीसीआर बनवणारी तीच शेवटची कंपनी होती. म्हणजे तुमच्या माळ्यावरचा व्हीसीआर बिघडला तर नवा मिळणार नाही, दुरुस्तीला सुटे भागही जुन्याच यंत्रातून काढावे लागणार.

आता ही यंत्रं नुसती पडून का बिघडतात ते सांगते. वापरलं नाही म्हणजे झिजणार नाही, असं आपल्याला वाटतं. पितळेच्या घागरीला ते लागू आहे, व्हीसीआरला नाही.

व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते. पॉलिस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची पूड एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेली असते. चित्र त्या पुडीत असतं. चिकट द्रव्य हवेतला दमटपणा शोषून मऊ पडतं, मग पूड सुटते, यंत्राच्या हेडला चिकटते, आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. बुरशी लागली तर कॅसेटच्या खिडकीतून पांढरा कापूस दिसतो. अशी कॅसेट चांगल्या यंत्रात कधी घालू नका, बुरशी यंत्रात उतरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

यंत्राच्या आत एक चकचकीत ढोल असतो. आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये तो मिनिटाला १५०० वेळा फिरतो आणि फीत त्याला तिरकी गुंडाळलेली असते. ढोल टिकतो. त्याच्या आजूबाजूचे रबरी पट्टे मात्र वर्षांनुवर्षं पडून सैल पडतात, काही तर डांबरासारखे वितळून चाकाला चिकटतात. वंगण सुकून मेणासारखं घट्ट होतं. अॅम्प्लिफायर आणि टीव्हीत कंडेन्सर असतात, डब्यांसारखे लहान-मोठे. त्यांच्या आत अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो विजेवरच टिकतो. बरीच वर्षं वीज दिली नाही की थर क्षीण होतो. मग एके दिवशी कुणी कौतुकाने एकदम प्लग लावतं आणि तो डबा फुटतो. स्पीकरच्या कागदी शंकूभोवती जो स्पंजसारखा गोल काठ असतो, तो दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो, आपल्या हवेत त्याहूनही लवकर. काठ रबरी असेल तर बराच टिकतो. घेताना दोन्ही सारखेच दिसत होते.

हे सगळं समजलं की लक्षात येतं, शत्रू तीन आहेत. ओल, उष्णता आणि आपला हलगर्जीपणा. आपल्या पोथ्यांचेही हेच. जुने लेखनिक ग्रंथ संपवताना शेवटी ओल, तेल आणि ढिली बांधणी यांच्यापासून जपण्याची विनंती लिहीत. ताडपत्रांना काजळ आणि गवती चहासारख्या गवताचं तेल चोळत, बासनात वेखंड आणि कडुनिंबाची पानं ठेवत. आणि श्रुतपंचमी नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर येते हेही पाहा. परंपरा सांगते की गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांनी शिकवलेलं ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमात लिहून पुरं केलं, त्या ग्रंथाची पूजा या दिवशी झाली. कारण धार्मिक आहे, पण हवा कोरडी असतानाच पोथ्या बाहेर काढून, पुसून, घट्ट बांधून ठेवायच्या, हा हिशेब ज्यांनी जपला ते फार व्यवहारी लोक होते. म्हणून यंत्रंही बांधायची ती फाल्गुन ते वैशाखात. आषाढात बांधलीत तर बासनात ओलच बांधाल.

बांधण्याची रीत सांगताना मला आदाननिक्षेपण समिती आठवते. वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पाहून, जीव नाही ना याची खात्री करून, हळुवार ठेवायची. मुनी-आर्यिका पिंछीने ती पाळतात, आपण श्रावक जमेल तशी. जुन्या टीव्हीची उष्ण पोकळी झुरळांना, मुंग्यांना आणि पालींना फार आवडते. म्हणून यंत्र आधी दोन-तीन दिवस सावलीत, मोकळ्या जागी ठेवा. आतले जीव आपोआप निघून जातात. मऊ कुंच्याने जाळ्यांवरची धूळ काढा, फवारा मारू नका. तसंच बांधलं तर आतले जीव गुदमरून मरतील आणि पुढे त्यांच्या कचऱ्यानेच यंत्र सडेल. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं. वेखंड आणि कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पानं मलमलच्या पुरचुंडीत बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, यंत्राला टेकवून नको.

रिमोटमधले सेल काढा. काढाच. आजवर जेवढी चांगली यंत्रं वाया गेलेली पाहिली त्यात विसरलेल्या सेलचा वाटा सर्वांत मोठा. सेल गळला की आतला क्षार धातूच्या पट्ट्या खातो. पांढरी भुकटी आली असेल तर पुस्तकं शिरका लावायला सांगतात. आपल्याकडे शिरका येत नाही, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेतले तरी तेच काम होतं, नंतर ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचं. काही अॅम्प्लिफायर आणि व्हीसीआरच्या आत घड्याळासाठी बारीक बॅटरी असते, ती मेकॅनिककडून काढून घ्या.

व्हीसीआरमध्ये कॅसेट राहू देऊ नका. रेकॉर्ड प्लेअर असेल तर सुईला टोपण घाला आणि हात बांधून टाका. कॅसेटी पूर्ण सुरुवातीला गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, त्यांच्या डब्यात ठेवा. आडव्या रचल्या तर फितीच्या कडा खाली बसतात. स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं, म्हणून कॅसेटी त्याच्या शेजारी नकोत. गुंडाळायला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखं दुसरं काही नाही. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली की रात्रीच्या गारठ्यात आत घाम धरतो. नव्या वस्तूच्या खोक्यात ज्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकू नका, जमवा, पण आधी ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर वाळवून घ्या, नाहीतर त्या आधीच भरलेल्या असतात. खोकं जमिनीवर नको, पाटावर. न्हाणीघराच्या भिंतीला लागून नको, पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. घरातलं आतलं कपाट सर्वांत चांगलं.

मोठा टीव्ही मात्र कधी उघडू नका. रंगीत टीव्हीच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथे राहू शकतात. मेकॅनिकलाच हात लावू द्या. तो बाहेरून पुसा, काच पुढे कापसाची गादी लावून बांधा, आणि उचलायला दोघं घ्या. त्याचं सगळं वजन काचेत, म्हणजे पुढे असतं, एकट्याने उचललं की तोल जातो.

कंडेन्सरचं एक गमतीचं आहे. आपल्यापैकी बऱ्याचजणी चातुर्मासात टीव्ही न पाहण्याचा नियम घेतात. माझ्या जाऊबाईंनी कित्येक वर्षं पाळला. चार महिन्यांत कंडेन्सरचं काही बिघडत नाही, काळजी करू नका, नियम बिनधास्त घ्या. पण पाच-दहा वर्षं पडलेलं यंत्र सुरू करायचं असेल तर सरळ प्लग लावू नका. जुन्या मेकॅनिकांकडे 'सिरीज बोर्ड' असतो, यंत्राच्या वाटेत साध्या तारेचा बल्ब जोडलेला. आत काही बिघाड असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. काहींकडे वीज हळूहळू वाढवायचं यंत्रही असतं, त्याने कंडेन्सरला पुन्हा सवय लागते. सहा महिन्यांतून एकदा तासभर चालवलंत तर हे सगळं लागणारच नाही. दिवाळीची साफसफाई आणि श्रुतपंचमी हे दोन मुहूर्त मी धरते.

एवढं सगळं करायचं कशासाठी? मी वाणिज्य शाखेची आहे, घसारा मला शिकवलेला आहे. १९८८ साली घेतलेल्या व्हीसीआरची वहीत आज एक रुपयासुद्धा किंमत लागणार नाही. आणि धर्म तर आणखी पुढे जातो. उमास्वामींनी परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा असं सांगितलं. दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन ऐकून आले की माळ्याकडे पाहून मलाच अवघड होतं.

म्हणून मूडबिद्रीची गोष्ट सांगते. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका ताडपत्रांवर मूडबिद्रीला शतकानुशतकं सुरक्षित होती. फार सुरक्षित. यात्रेकरू दर्शन घेत, पण वाचायला कुणाला मिळत नसे. पानं जीर्ण होत होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नांनी १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचं काम सुरू झालं. ते काम करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप एक कानडी प्रत आपल्यासाठीही केली. त्यामागे मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. ग्रंथ वाचले जावेत, पसरावेत ही त्यांची तीव्र इच्छा होती. ती प्रत पुढे सहारनपूरला गेली, तिथून आणखी प्रती निघाल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापला. सोळा खंड व्हायला १९५८ उजाडलं. गुपचूप नक्कल करणं बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येईल. मला विचाराल तर मी लक्ष्मीबाईंच्या बाजूने. जपलं ते कुलुपाने, वाचलं ते नकलेने.

आवाजाचंही तसंच. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. ८ सप्टेंबरला, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला, सुमारे बावीस मिनिटांचा, आणि तो ध्वनिमुद्रित झाला. दहा दिवसांनी त्यांचं समाधिमरण झालं. तो आवाज आज आपल्या मोबाइलवर ऐकू येतो, कारण दर पिढीने तो पुढच्या साधनावर उतरवून घेतला. धवलादी ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्यामागे प्रेरणा महाराजांचीच होती. तांबं टिकतं. आवाज मात्र टिकवावा लागतो.

युनेस्कोने २०१९ साली जगभरच्या संग्रहालयांना इशारा दिला की चुंबकीय फितींवरचं सगळं २०२५ च्या सुमारास कायमचं हातातून जाऊ शकतं. फिती सडतील म्हणून तर आहेच, शिवाय त्या वाजवणारी यंत्रं चालू स्थितीत उरणार नाहीत म्हणून.  मग माझा हिशेब साधा आहे. ज्या घरात फक्त भाड्याच्या सिनेमांच्या कॅसेटी आहेत त्यांनी यंत्र ठेवू नये. मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रात द्या, भंगारवाल्याला नको. टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ती फोडली की मातीत जातं, आणि त्या हिंसेचा वाटा आपलाच. ज्या घरात पंचकल्याणकाची, विधानाची, माणसांची कॅसेट आहे, त्यांनी ती आधी उतरवून घ्यावी, दोन प्रती करून दोन घरांत ठेवाव्यात, आणि मगच यंत्राचा विचार करावा.

आमच्या घरात अशी एक कॅसेट आहे. माझ्या नणंदेची १९९१ सालची दीक्षा. तीन तास. बिनोलीच्या मिरवणुकीत त्या घोड्यावर बसून हसताहेत, कुणीतरी हाक मारतं तर मागे वळून पाहतात. नंतर केशलोच, पांढरी साडी, पिंछी-कमंडलू. त्यानंतर त्या आमच्या नणंद राहिल्या नाहीत, आम्ही त्यांना माताजी म्हणतो. सासूबाई ती कॅसेट वर्षातून एकदा लावत आणि मिरवणुकीपाशीच थांबवत. सासूबाई गेल्या. मुलाने पुण्यात कॅसेट उतरवून आणली आहे, पण मिरवणुकीच्या भागात चित्र थरथरतं. चांगल्या यंत्रावर पुन्हा उतरवली तर सुधारेल असं मेकॅनिकचं म्हणणं. म्हणून ती आणि आमचा व्हीसीआर ठेवायचे.

गेल्या वर्षी माताजींचा विहार आमच्या बाजूला होता. मी भीत भीत विचारलं, ठेवू का. त्यांनी आधी विचारलं की त्यात मूर्तीचं, गुरुमहाराजांचं काय आहे. मी सांगितलं, महाराजांचं प्रवचन पाऊण तासाचं आहे. "ते उतरवा, मंदिरात द्या," त्या म्हणाल्या. मिरवणुकीचं मी विचारलं तेव्हा त्या थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "ती मुलगी मला ओळखीची नाही. तुम्हाला असेल तर तुमचा प्रश्न आहे."

माझा प्रश्न अजून तसाच आहे. प्रवचनाचा भाग मंदिराच्या ग्रंथभांडारात दिला, पेनड्राइव्हवर, पोथ्यांच्या शेजारी. उरलेला आपल्याच घरी आहे. व्हीसीआर या वैशाखात साडीत बांधला आणि पोथीच्या शेवटी असते तशी एक चिठ्ठी आत ठेवली. यंत्र कोणतं, कधी घेतलं, पट्टे कधी बदलले, तारा कोणत्या डब्यात, शेवटचं कधी चालवलं, आणि सरळ प्लग लावू नये, आधी सिरीज बोर्डवर पाहावं. खाली कॅसेटीची यादी. मिरवणुकीच्या कॅसेटीपुढे काय लिहावं हे सुचेना, म्हणून सासूबाई जसं म्हणायच्या तसंच लिहिलं, 'ताईची वरात'.